औरंगपुऱ्यांतील मनी

छत्रपति संभाजीनगरास येणारा प्रवासी बहुधा दुसरीकडे जाण्याकरितां येतो. वेरूळ तीस किलोमीटरांवर, पैठण पन्नासांवर, अजिंठा शंभरांवर. त्यामुळें खुद्द शहराच्या वांट्यास एक सकाळ येते, आणि तिचीहि अर्धी बिबीच्या मकबऱ्यांत संपते. आम्हीं ह्या खेपेस उलट केलें. लेणीं पूर्वीं दोनदां पाहिलीं होतीं. म्हणून आठ दिवस शहरांतच राहावयाचें ठरविलें आणि औरंगपुऱ्यांत एका स्नेह्यांच्या जुन्या वाड्यांत उतरलों. त्या आठ दिवसांत आम्हीं दरवाजे पाहिले, मशिदी पाहिल्या, पाणचक्की पाहिली. परंतु सर्वांत अधिक वेळ जिच्याकडे पाहण्यांत गेला ती एक मांजरी होती, हें वाचकांस आरंभींच सांगून टाकलेलें बरें. ज्यांस लेण्यांचें वर्णन हवें आहे त्यांस तें अन्यत्र विपुल मिळेल.

शहराचें वय फार नाहीं. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी गांवाच्या जागीं तें वसविलें. १६५३ मध्यें औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होऊन दुसऱ्यांदा आला तेव्हां त्यास औरंगाबाद हें नांव मिळालें. आणि २०२३ पासून तें छत्रपति संभाजीनगर झालें. मधलीं सव्वादोनशें वर्षें निजामाच्या अमलांत गेलीं, तीं सप्टेंबर १९४८ मध्यें संपलीं. दगडी दरवाजे पडले किंवा राहिले, तरी राजवटींची खरी खूण बोलींत उरते. आमच्या स्नेह्यांच्या वाड्यांत मराठी, आणि परसाच्या भिंतीपलीकडील गल्लींत दखनी उर्दू. भिंत पुरुषभर उंच असेल. तिच्यावरून दिवसांतून दहा वेळां ये-जा करणारें एकच प्राणी त्या घरांत होतें. वाड्यांत तिला ‘मनी’ म्हणत; भिंतीपलीकडे तिचें नांव ‘शहजादी’ होतें. दोन्ही नांवांस ती कान फिरवी, आणि येण्याचें मन नसल्यास दोन्ही नांवांस सारखीच अवमानी. टोकियोच्या सोफिया विद्यापीठांतील आत्सुको साइतो ह्यांनीं २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, मांजर आपलें नांव त्यासारख्याच दुसऱ्या शब्दांतून निवडून ओळखतें. ओळखतें, एवढेंच, येण्याची हमी त्या विदुषींनींहि दिलेली नाहीं.

वाडा मराठवाड्याच्या जुन्या धर्तीचा. खालीं दगड, वर वीट, माथ्यावर मातीचें माळवद, मध्यें चौक आणि चौकांत तुळशीवृंदावन. माजघराच्या भिंतींत धान्य सांठविण्याचें बळद आहे. त्यांत एके काळीं वर्षाची ज्वारी मावे. आतां तें रिकामें असलें तरी उंदरांच्या पिढ्यांस ती वार्ता अजून पोंचलेली नाहीं. बळद पाहून दुसऱ्याच दिवशीं आम्ही पाणचक्कीस गेलों, तेव्हां हा दुवा आम्हांस अधिकच स्पष्ट झाला. बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्याच्या आवारांत ही चक्की आहे. दूरच्या डोंगराकडील पाणी मातीच्या नळांतून आणून, उंच भिंतींतून वर चढवून खालीं हौदांत सोडलें आहे, आणि त्याच्या जोरावर जातें फिरे व फकीर, विद्यार्थी, यात्रेकरू ह्यांचें पीठ दळलें जाई. हौदाकांठच्या वडाखालीं तीन मांजरें निजलेलीं होतीं. चक्की आतां कोणाचें पोट भरण्यासाठीं दळीत नाहीं; पण मांजरांनीं जागा सोडलेली नाहीं.

मांजराचा आणि मनुष्याचा संबंध मुळांत असाच धान्याच्या कोठारापाशीं जडला. गाईस, घोड्यास माणसानें धरून आणलें. मांजर आपल्या पायांनीं आलें. पश्चिम आशियांत शेती सुरू झाली, धान्य सांठूं लागलें, त्यावर उंदीर आले, आणि उंदरांमागें रानमांजर. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत माणसाच्या शेजारीं मांजर पुरलेलें सांपडलें, हें २००४ मध्यें जाहीर झालें. त्या बेटावर रानमांजरें मुळचीं नव्हतीं. अर्थात् कोणी तरी तें नावेंतून बरोबर नेलें होतें. तेव्हां केवळ उंदरांपुरता हा व्यवहार तेव्हांच राहिला नव्हता. तरी मांजरास आपल्याकडे स्वार्थीच म्हणतात. ‘कुत्रें माणसाचें, मांजर घराचें’ हें वाक्य त्या वाड्यांत आम्हीं आठ दिवसांत निदान वीस वेळां ऐकलें, आणि त्यास कारणहि तसेंच होतें.

वाडा पाडावयाचा होता. तीन भावांचें एकत्र कुटुंब. जागा बांधकामासाठीं द्यावयाचें ठरून कागद झाले होते आणि दिवाळीनंतर तिघेहि तीन ठिकाणीं राहावयास जाणार होते. ऐशीं वर्षांच्या आत्याबाई मधल्या भावाकडे, सिडकोंतील तिसऱ्या मजल्यावरील घरीं जाणार हें नक्की झालें होतें. भांडीं, देव, पितळी समया, पाट, सर्वांची वांटणी सुरळीत झाली. मनीची मात्र होईना. थोरले भाऊ म्हणत, “मांजर घराचें असतें. ती येथेंच राहील. नाहीं तर भिंतीपलीकडे जाईल. तिकडे तिला खावयासहि मिळतें.” ह्यांत खोटें कांहींच नव्हतें. पलीकडच्या घरांत तिचा लाड होई. इस्लामी परंपरेंत मांजर अपवित्र मानीत नाहींत. पैगंबरांचे एक सोबती मांजरावरील प्रीतीमुळें ‘अबू हुरैरा’, म्हणजे मांजरीच्या पिलाचा बाप, ह्याच नांवानें प्रसिद्ध आहेत. आपल्याकडेहि सोवळ्याच्या स्वयंपाकघरांत कुत्र्यास मज्जाव, पण मांजर चुलीशीं निजलें तरी विटाळ नाहीं. आणि तें मारल्यास काशीस सोन्याचें मांजर दान करावें लागतें, हा धाक आहेच. भिंतीच्या दोन्ही बाजूंस एवढा सारखेपणा दुसऱ्या कोणत्या बाबतींत असेल असें वाटत नाहीं.

आत्याबाई वादांत पडत नसत. त्या फक्त म्हणत, “ती घराची कीं माणसाची, हें तिला कोणी विचारलें आहे का?”

आम्हांस हा प्रश्न योग्य वाटला, आणि उत्तर मनीच्या वागण्यांतच शोधावें म्हणून आम्हीं ओसरीवर बसून तिच्याकडे लक्ष देण्यास आरंभ केला. कुत्र्याचें प्रेम सेवेंत दिसतें. तें राखण करितें, मागें येतें, हांक दिली कीं धांवतें. मांजर असें कांहींच करीत नाहीं, म्हणून तें आपल्या हिशेबीं बिनप्रेमाचें ठरतें. परंतु मांजर हें शिकारी असलें तरी आकारानें लहान आहे. मोठ्या जनावरांनीं त्यास मारावें एवढें लहान. म्हणून जेथें भय आहे तेथें तें डोळे मिटीत नाहीं, पोट उघडें टाकीत नाहीं, पिलें दाखवीत नाहीं. ह्या तीन गोष्टी तें कोणासमोर करितें तें पाहावें.

डोळ्यांचेंच घ्या. ‘मांजर डोळे मिटून दूध पितें’ अशी म्हण करून आपण त्यास चोर ठरविलें आहे. वस्तुतः मांजराच्या भाषेंत रोखून पाहणें म्हणजे धमकी, आणि हळूंच पापण्या अर्ध्या मिटून पुनः उघडणें म्हणजे ‘मला तुझी भीति नाहीं’. इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० मध्यें ह्याची परीक्षा प्रसिद्ध केली. मालकानें सावकाश डोळे मिचकाविले असतां मांजरेंहि तसेंच करूं लागलीं, आणि अनोळखी माणसानें तसें केलें असतां त्याच्या हाताजवळ अधिक वेळां आलीं. मांजर न आवडणाऱ्या पाहुण्याच्याच मांडीवर तें नेमकें कां जाऊन बसतें, ह्या प्रत्येक घरांतील कोड्याचाहि उलगडा येथें होतो. बाकीचे सर्व त्याच्याकडे टक लावून ‘ये, ये’ करीत असतात. तो बिचारा एकटाच दुसरीकडे पाहत असतो.

आत्याबाई सकाळीं दोन घटका जप करीत. डोळे अर्धवट मिटलेले, हात गोमुखींत, हालचाल नाहीं, बोलणें नाहीं. मनी समोर येऊन बसे, तिच्याहि पापण्या खालीं येत, आणि हळूहळू पुढचे पाय छातीखालीं दुमडून ती तेथेंच विसावे. मनीस दूधभात घालणाऱ्या धाकट्या वहिनी होत्या. त्यांच्या पायांस ती अंग घांशी, शेपूट सरळ उभें करून पुढें पुढें चाले, आणि वाटी रिकामी झाली कीं निघून जाई. वहिनींस ह्याचें वाईट वाटे. “मी घालतें, आणि ही बसते आत्याबाईंजवळ,” असें त्या हंसत म्हणत, पण त्या हंसण्यांत थोडें खरें होतें. त्यांच्या समाधानासाठीं सांगतों कीं, उभें शेपूट आणि गाल घांसणें ही कांहीं खुशामत नव्हे. मांजराच्या गालांत, हनुवटींत, शेपटाच्या मुळाशीं गंधाच्या ग्रंथि असतात. आपला वास तें ज्यास लावितें त्यास आपल्या गोतांत घेतें. वहिनी गोतांत होत्याच. आत्याबाईंपाशीं मात्र ती निजे. स्वित्झर्लंडांतील डेनिस टर्नर ह्यांनीं घरांतील मांजरांचें बहुत काल निरीक्षण करून असें दाखविलें आहे कीं, जवळ येण्यास आरंभ मांजरानें केला तर तो सहवास अधिक वेळ टिकतो. माणसानें उचलून घेतलें तर लवकर संपतो. घरांतील मुलें तिला उचलीत. आत्याबाईंनीं तिला कधीं उचललें नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मोठीं झालेलीं मांजरें एकमेकांशीं ‘म्यांव’ असें क्वचितच बोलतात. तें बोलणें पिलांचें आईशीं असतें, आणि मोठेपणीं तें माणसांसाठीं राखून ठेवलेलें असतें. गोधडीवर बसण्यापूर्वीं पुढच्या पायांनीं कणीक तिंबल्यासारखें करणें, हेंहि आईचें दूध पितांनाचेंच. घुरघुरण्याविषयीं मात्र सावध असावें. तें समाधानाचें असतें, तसें दुखण्यांतलेंहि असतें. आणि २००९ मध्यें ससेक्सच्याच कॅरेन मॅकोम्ब ह्यांनीं दाखविलें कीं, भुकेच्या वेळच्या घुरघुरण्यांत एक बारीक रडका स्वर मिसळलेला असतो व तो माणसास चटकन् उठवितो. पहांटे चार वाजतां वहिनींस उठविणारा स्वर हाच असावा.

पिलांची गोष्ट आम्हांस आत्याबाईंनींच सांगितली. मांजर पिलांस सात घरें फिरवितें असें म्हणतात. आदल्या वर्षीं मनी व्याली ती माळवदावरील लाकडांत. तेथून तिनें पिलें बळदांत आणिलीं, आणि नवव्या दिवशीं तोंडांत धरून एकेक करून आत्याबाईंच्या गोधड्यांच्या उघड्या पेटींत आणून ठेविलीं. आई मानेस धरते तेव्हां पिलूं हातपाय सोडून अगदीं लुळें पडतें, हें सर्वांनीं पाहिलें असेल. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांनीं ह्यावर एक वादच उभारला. माकडाचें पोर आईस स्वतः घट्ट धरितें, मांजराचें पोर आपला सर्व भार आईवर टाकितें. तर भक्तानें कोणासारखें असावें? मर्कटन्याय आणि मार्जारन्याय अशा दोन बाजू पडून वडकलै व तेंकलै हे दोन पंथ ह्या प्रश्नावर वेगळे बोलूं लागले. आमच्या मराठवाड्याच्या संतकथांत मांजरास एवढा मान नाहीं. पैठणास रेड्यानें वेद म्हटले, नाथांनीं गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखीं रिकामी केली. मांजर तेथें कोठें दिसत नाहीं. त्याच्यासाठीं शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत जावें लागतें. ताहराबादच्या महिपतींनीं १७६२ मध्यें पूर्ण केलेल्या ‘भक्तविजयां’त राका कुंभाराची कथा आहे: कच्च्या मडक्यांत मांजरीनें पिलें ठेविलीं, तें न कळतां आवा पेटला, मांजरी आव्याभोंवतीं आक्रोश करीत फिरूं लागली, आणि राकानें देवास साकडें घातलें तेव्हां पिलें जिवंत निघालीं. कथेंतील चमत्कार ज्यांस मानावयाचा नसेल त्यांनीं मानूं नये. पण मांजरीनें पिलें कुंभाराच्या घरांत ठेविलीं, ह्यांत अशक्य कांहींच नाहीं. आणि राकाच्या दुःखाचें कारणहि तेंच आहे.

मनीचीं पिलें आठ आठवड्यांचीं होईपर्यंत आत्याबाईंच्या हाताखालीं वाढलीं व चांगल्या घरीं गेलीं. पिलूं दोन ते सात आठवड्यांचें असतां माणसाच्या हाताची संवय झाली तर तें जन्मभर माणसास भीत नाहीं. तो काळ निसटला तर पुढें फार कष्ट पडतात. त्यानंतर मधल्या भावानें मनीस पशुवैद्याकडे नेऊन शस्त्रक्रिया करविली व रेबीजची लस टोंचविली, हें आम्हांस फार आवडलें.

आतां ‘घराचें कीं माणसाचें’ ह्याविषयीं. अमेरिकेंत ऑरेगन राज्यांतील विद्यापीठांत क्रिस्टिन व्हिटाले ह्यांनीं तान्ह्या मुलांच्या परीक्षेची रीत मांजरांस लाविली. त्याचें फल २०१९ मध्यें प्रसिद्ध झालें. परक्या खोलींत मालकास दोन मिनिटें बाहेर पाठवून पुनः आंत आणावयाचें. सुमारें दोन तृतीयांश पिलें मालक परत येतांच निवळलीं आणि खोलींत निर्धास्त हिंडूं लागलीं. ती खोली त्यांचें घर नव्हती. धीर आला तो माणसामुळें. मात्र थोरल्या भावांची म्हणहि अगदीं फोल नाहीं. मांजरास आपल्या सीमा प्रिय असतात, आणि नव्या जागीं नेऊन एकदम मोकळें सोडल्यास तें जुन्या वाटेस लागतें. म्हणून आरंभीं एकाच खोलींत, जुन्या न धुतलेल्या गोधडीसह, दोन-तीन आठवडे ठेवावें, आणि नेण्याची टोपली आधींपासूनच घरांत उघडी टाकून तिची ओळख करून द्यावी.

हें सर्व जमण्यासारखें होतें. खरी अडचण अन्नाची होती, आणि ती शाकाहारी घरांत कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. मांजर दूधभातावर जगतें असा आपला समज आहे. पुष्कळशा मोठ्या मांजरांस दूध नीट पचत नाहीं. आणि टॉरीन म्हणून जें एक द्रव्य त्यांस अवश्य लागतें तें मांसांतूनच मिळतें. तें न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजून आंधळेपणा येतो, हें १९७५ मध्यें कळलें. हृदय दुर्बल होतें, हें १९८७ मध्यें. वाड्यांत मनी धट्टीकट्टी होती ती वहिनींच्या वाटीवर नव्हे. बळदांतील उंदीर आणि भिंतीपलीकडील मटणाचे तुकडे ह्यांवर. एकदां तर तिनें उंदीर आणून आत्याबाईंच्या पूजेच्या पाटाजवळ ठेविला होता. आई पिलांस शिकार आणून देते तसा हा प्रकार, असें कांहीं शास्त्रज्ञ म्हणतात. कांहीं म्हणतात, सुरक्षित जागीं माल आणून ठेवण्याची ती संवय. कसेंहि असो, पूजा दुसऱ्यानें करावी लागली. सिडकोंतील तिसऱ्या मजल्यावर उंदीरहि नाहीं आणि भिंतहि नाहीं. तेथें मनीस नेणें म्हणजे कांदालसूण वर्ज्य असलेल्या घरांत मासळीच्या वासाचा डबा उघडणें. न नेणें म्हणजे तिचें पोट भरेल, पण सकाळीं जपाच्या वेळीं ती रिकाम्या ओसरीवर, आणि कांहीं दिवसांनीं पाडलेल्या दगडांवर, बसलेली असेल.

आम्हांस विचारण्यांत आलें तेव्हां आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, न्यावयाची तर तिचें अन्न तिला देण्याच्या तयारीनें न्या. आपल्या पुण्यासाठीं तिच्या डोळ्यांची किंमत देऊं नका. ओसरीवर सर्व गप्प झाले. थोरल्या भावांनीं वर्तमानपत्र उचललें. आत्याबाई थोड्या वेळानें म्हणाल्या, “वाघाची मावशी ती. आम्हीं तिला ब्राह्मण केलें म्हणून ती थोडीच होणार?”

आम्ही निघालों तेव्हां निकाल लागला नव्हता. पौषांत मधल्या भावाचें पत्र आलें. मनीस त्यांनीं नेलें. तीन दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाहीं. रात्रीं खाई तेवढेंच. चौथ्या दिवशीं आत्याबाईंनीं आपला जपाचा पाट त्या खोलींत नेला, आणि नवव्या दिवशीं मनी पलंगाखालून येऊन समोर बसली; डोळे मात्र उघडे ठेवून. ते मिटले बाराव्या दिवशीं. गॅलरीस जाळी बसविली आहे. डबा, वाटी आणि चमचा ह्यांची वेगळी फळी गॅलरींत केली असून तेथें वाढण्याचें काम आत्याबाईंनीं कोणास दिलेलें नाहीं. स्नानापूर्वीं, नाकास पदर लावून, त्या स्वतः वाढतात. वास इतका आहे कीं, शेजारच्या इमारतीचे दोन बोके सकाळपासून खालीं येऊन बसतात, आणि खालच्या मजल्यावरील मंडळींनीं सोसायटीकडे तोंडी तक्रार केली आहे. थोरले भाऊ गेल्या रविवारीं आले होते, तेव्हां त्यांनीं भिंतीपलीकडील घरांतून शहजादीसाठीं दिलेली एक जुनी उशी बरोबर आणली होती.